मी घेतलेली जमीलाबींची परीक्षा

डोणगावात जमीलाबींना ओळखत नाही अशी बाई सापडणार नाही. चाळीस वर्षं त्या इथल्या बायकांच्या हातात बांगड्या भरत आल्या आहेत. गावाचा त्यांच्या हातावर जो विश्वास होता तो गेल्या माघात, एका दुपारी, मी घालवला. तो परत यावा म्हणून हे लिहिते आहे. येईल की नाही ते माहीत नाही.

त्या मूळच्या वडनेर भोलजीच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथे आल्या. नवरा शकीलभाई आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायचे आणि घरोघर जायचं काम सासूकडे होतं. सासूने त्यांना शिकवलं ते डोळ्यांवर फडकं बांधून. शेजारच्या बायका ओळीने बसवायच्या आणि सुनेने नुसता हात दाबून माप सांगायचं, दोन-चार, दोन-सहा की दोन-आठ. चुकलं की बोटांवर टिचकी. जमीलाबी म्हणायच्या, "डोळे लबाड असतात. गोऱ्या हाताले बांगडी मोठी वाटते, सावळ्या हाताले लहान. हाड खोटं नाही बोलत."

त्या हात हातात घ्यायच्या, अंगठ्याखालचा उंचवटा दाबायच्या, अंगठा आत मुडपायच्या आणि बाई बोलत असतानाच बांगडी मनगटावर गेलेली असायची. या चाळीस वर्षांत कुणाच्या हाताला ओरखडा उठल्याचं मी ऐकलं नाही. कोण गरोदर आहे, कुणाचे सांधे सुजले आहेत, कुणाला घरी पोटभर मिळत नाही, हे त्यांना हातावरूनच कळायचं. मात्र ते त्या जिचं तिलाच, हळू आवाजात सांगायच्या.

माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं. मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केलं आणि तीन वर्षं ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर तर्कशास्त्र शिकवलं. मुलगी झाल्यावर शिकवायचं सुटलं, शिकवायची खोड राहिली. आणि मी काळजी करणारी आई आहे. मयुरीची उंची, वजन, रक्ताचे आकडे यांची माझ्याकडे वही आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी ती वजनकाट्यावर उभी राहायची, मी वाकून आकडा बघायची आणि वहीत लिहायची. गेलं वर्षभर आकडा सेहेचाळीसच्या आसपास होता.

माघात माझ्या जाऊबाईंच्या, पुष्पांजलीताईंच्या मुलीचं लग्न होतं. प्रेरणाला हिरवा चुडा भरायला जमीलाबी आल्या. नवरीचा हात झाला, मग घरातल्या बायका बसल्या. मयुरी सतरा वर्षांची. तिचा हात हातात घेतल्यावर जमीलाबी थांबल्या. दोन-सहाची बांगडी बाजूला ठेवून त्यांनी त्याहून लहान, दोन-चारची घेतली. तीही सैल गेली. त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "मॅडम, पोरीचा हात उतरला. थंडगारही हाय. खाते का बरोबर?"

त्या हळूच बोलल्या होत्या, पण शेजारी बसलेल्या नवरदेवाकडच्या दोघींनी ऐकलं आणि मयुरीकडे वळून पाहिलं. मला वाटलं, सगळ्यांदेखत कुणीतरी माझी वही फाडली.

"खाते की," मी म्हटलं. "परवाच वजन केलंय. पाच ग्रॅम इकडेतिकडे नाही."

"असन. पन हात तसं नाही सांगत."

"हाताचं काय घेऊन बसलात, जमीलाबी? एक हात गरम पाण्यात ठेवा, एक गार पाण्यात. मग दोन्ही कोमट पाण्यात घाला. एकच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला गरम. मग पाणी खरं कसं आहे? हाताला कळतं ते जग नसतं. मन त्यात आपलं घालतं."

जमीलाबी हसल्या. "मंग तुमी भाजीतलं मीठ कशानं पाहता मॅडम? काट्यानं?"

बायका हसल्या. पुष्पांजलीताई म्हणाल्या, "इचं कॉलेज काही सुटत नाही बाई."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण नवरदेवाकडच्या बायका अजून मयुरीकडेच बघत होत्या. मी म्हटलं, "आपण परीक्षा घेऊ. डोळे बांधून सांगा कोणाचा हात ते. बघू, हात काय काय सांगतो."

"घ्या," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःच ओढणी डोळ्यांवर बांधली.

आम्ही पाच जणी जागा बदलून, गप्प राहून बसलो. पहिला हात त्यांनी धरला न धरला तोच म्हणाल्या, "नवरी. घामानं भिजून राह्यली." दुसरा पुष्पांजलीताईंचा, विळीच्या जुन्या घावावरून ओळखला. तिसरा शेजारच्या जनकाबाईंचा. त्यांच्या हातात संधिवात आहे. चौथा माझा. "या मॅडम. हात देऊन बी बोटं आखडूनच धरली." पुन्हा हशा.

पाचवा हात त्यांनी बराच वेळ धरला. दाबला, उलटा केला, पुन्हा दाबला.

"हे कोन? असं लेकरू तर नव्हतं इथं. अकरा-बारा वर्षांचं असन. कोनाची पोरगी हाय वं ही?"

तो मयुरीचा हात होता, बांगड्या न भरलेला दुसरा.

पुष्पांजलीताई म्हणाल्या, "मयुरीले पाळण्यात टाका आता." सगळ्या हसल्या, मी सर्वांत जास्त. मयुरीही हसली. जमीलाबींनी ओढणी सोडली आणि समोर मयुरीला पाहिलं. मी म्हटलं, "बघा. डोळे काढून घेतले की हाताला सतरा वर्षांची मुलगी बारा वर्षांची वाटते." त्यांनी टोपली आवरली. दिलेला शिधा घेतला आणि निघाल्या.

गोष्ट तिथेच संपली असती तर माझा अपराध निम्मा झाला असता. पण मी ती सांगत सुटले. बचत गटात सांगितली, जानेफळच्या लग्नात सांगितली, चांगली रंगवून सांगितली. माणसाचा स्वतःच्या ज्ञानेंद्रियांवर कसा फाजील विश्वास असतो, याचं उदाहरण म्हणून. चार हात त्यांनी बरोबर ओळखले होते, ते मी एका वाक्यात उरकायची. हळूहळू बायकाच म्हणू लागल्या की जमीलाबीचा हात गेला, वय झालं. उन्हाळ्यातल्या लग्नांत आमच्या गल्लीतल्या दोन चुड्यांना मेहकरच्या दुकानातला माणूस आला.

आषाढात मयुरी वर्गात चक्कर येऊन पडली. बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. तिथे नर्सने तिला दवाखान्याचा झगा घालून काट्यावर उभं केलं. चाळीस किलो. मी म्हटलं, काटा बिघडलाय. नर्स स्वतः चढली, मग मलाही चढवलं. काटा बरोबर होता.

घरी आल्यावर तिच्या कपाटात ओढणीत गुंडाळलेली लोखंडी वजनं सापडली, आजोबांच्या बंद पडलेल्या किराणा दुकानातली. दोन-दोन किलोची दोन आणि एक किलोचं एक. महिन्याच्या एक तारखेला ती हे कमरेला बांधून, वर ढगळ कुर्ता घालून, दोन बाटल्या पाणी पिऊन काट्यावर उभी राहत होती. माघात एकच वजन पुरायचं, पुढे वाढवावी लागली. तिने खाणं का सोडलं ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. हे एवढं छापायला तिनेच परवानगी दिली. मला ती इतकंच म्हणाली, "तू बघायचीस गं आई. पण काट्याकडे बघायचीस."

त्यानंतर मी माघातली ती दुपार कितीदा उलगडून पाहिली. पाहणाऱ्याच्या मनात जे आधीच असतं ते पाहण्यात मिसळतं, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. जमीलाबींना ते ऐकवताना ते मलाही लागू आहे, हे मनाला शिवलं नाही. मयुरीकडे पाहताना मला माझी सतरा वर्षांची मुलगी दिसायची, कारण ती तशी आहे हे मला ठाऊक होतं. त्या खोलीत एकच बाई अशी होती जिला हात कोणाचा हे ठाऊक नव्हतं. म्हणून तिलाच तो हात जसा होता तसा कळला. आणि आम्ही तिला हसलो.

श्रावण लागायच्या आत मी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं, वजनांसकट. त्यांनी आधी विचारलं, "आता खाते का पोरगी?"

"थोडं थोडं."

"तिच्या मागं नका लागू मॅडम. जेवाले तिच्यासंगं बसा फक्त."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमी काही खोटं नाही बोलल्या. तुमाले तसं दिसलं. मले बी मंग वाटलं, एवढ्या बायका हसून राह्यल्या, तर माहाच हात गेला असन."

हे ऐकण्यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिलेल्या बऱ्या होत्या.

नंतर मी त्याच बायकांना घरी बोलावलं आणि जे झालं ते सांगितलं. पुष्पांजलीताई म्हणाल्या, "म्हणजे आपन पोरीलेच हसलो." जनकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांनी ठरवलं की श्रावणातल्या हिरव्या बांगड्या जमीलाबींकडूनच भरायच्या.

पहिल्या श्रावणी सोमवारी त्या आल्या. मयुरी पहिली बसली. जमीलाबींनी टोपलीवरचं फडकं काढलं आणि आतून प्लास्टिकच्या कड्यांचा झुबका बाहेर काढला. प्रत्येक कडीवर मापाचा आकडा होता. दुकानात ठेवतात तशा.

मी म्हटलं, "जमीलाबी, तुम्हाला कशाला हवं माप?"

"तुमाले नको वाटत असन मॅडम," त्या म्हणाल्या. "मले लागते आता."

मयुरीने हात पुढे केला. त्यांनी एक कडी चढवली, मनगटावर दोनदा फिरवून पाहिली आणि वरचा आकडा वाचायला चष्मा शोधू लागल्या.