कानशीची सुरी

वेल्ह्याकडच्या दोघा लोहार भावांची भट्टी जळाली, हे आम्हाला कुऱ्हाडीला धार लावायला आलेल्या एका धनगराने सांगितलं. गवताचं छप्पर, त्यावर ठिणगी गेली. कोळसा गेला, भाता गेला. ऐरण तेवढी राहिली.

भाता नाही म्हणजे काय, हे लोहाराला समजावून सांगावं लागत नाही. पाऊस लागायच्या आत गावाच्या फाळांना टोक काढून दिलं, तरच सुगीला खळ्यावरून बलुतं मिळतं. तो हंगाम चुकला की वर्ष गेलं.

अशा वेळची आमच्यात एक रीत होती. अडलेल्या लोहाराला दुसऱ्या लोहाराने धान्य द्यायचं नाही. ते घेणाऱ्याला खाली बघायला लावतं. प्रत्येक भट्टीने आपल्या हातचा एक चांगला जिन्नस घडवायचा, भोरच्या बाजारात विकायचा आणि सगळ्यांचे पैसे एकत्र करून पोचवायचे. कोणी विळे घडवले, कोणी अडकित्ते. मी सुरी करायचं ठरवलं. आमच्या खेड्यात सगळं विळीवर चिरायचे, पण भोरला कचेरीमागे खाणावळ चालवणाऱ्या एक बाई मागे दोनदा सुरी विचारून गेल्या होत्या.

लढाईचे दिवस होते आणि पोलाद मिळत नव्हतं. माझ्याजवळ लोखंड घासायची एक झिजलेली विलायती कानस होती. ती मधोमध तोडून अर्ध्या तुकड्याचं पातं घडवलं. कानशीचं पोलाद फार कडक. त्याचं तापलेलं पातळ पातं तेलात विझवायचं, पाण्यात ते तडकतं, हे चुलत्यांनी मला शिकवलेलं होतं. पण घरात दिव्यापुरतं तेल होतं आणि ते मागायचा मला संकोच वाटला. फाळ आणि कुऱ्हाडी मी जन्मभर पाण्यातच विझवत आलो होतो. म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

लाल पातं दगडी डोणीतल्या पाण्यात गेलं आणि आतून बारीक ‘टच्’ असा आवाज आला.

भाता ओढणारी बायको थांबली. “काय वाजलं?”

“डोणीत खडा पडला आसंल,” मी म्हणालो.

पात्याला तडा गेलाय का, हे कळायला लोहाराला एक क्षण पुरतो. दोन बोटांत पातं लोंबतं धरून नखाने टिचकी मारायची. चांगलं पातं घंटेसारखं वाजत राहतं, तडकलेलं बसक्या आवाजात गप्प होतं. मी टिचकी मारली नाही. मारली असती तर उत्तर मिळालं असतं. उलट घाईने बाभळीची मूठ ठोकली, कारण मूठ बसली की आवाज धड कळत नाही. कोणाला फसवायचं मी ठरवलं नव्हतं, पण न ठरवताही ते माझ्या हातून होत होतं आणि मला ते दिसत होतं.

बाजाराच्या दिवशी चुलत्यांनी गोणपाटावर सगळ्यांचा माल मांडला. खाणावळवाल्या बाई आल्या आणि त्यांनी सरळ सुरीच उचलली.

“ही कुणी केली?”

“ह्यानं. माझा पुतण्या,” चुलते म्हणाले. “तिकडं वेल्ह्याला आमच्या भावकीचा भाता जळाला, त्येच्यासाठी चाललंय समदं.”

“भाता तुमचा जळाला म्हणून मला भाजून काढू नका.”

“मग कमी द्या, बाई. आमी त्येंना आर्धाच भाता घिऊन दिऊ.”

बाई हसल्या आणि मागितले त्याहून जास्त देऊन मोकळ्या झाल्या. जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कचेरीतली माणसं जेवतात माझ्याकडं. सुरण चिरताना पातं तुटलं नि कपचा कुणाच्या घशात गेला, तर बघा हं.”

“तुटायची न्हाई,” मी म्हणालो.

चुलते दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन वेल्ह्याला गेले. परत आले ते खुशीत. कातडं मिळालं होतं, भाता शिवून झाला होता, भट्टी पेटली होती. घरातली सगळी माणसं समाधानाने जेवली. मी मात्र प्रत्येक घास जिभेवर चाचपून गिळत होतो. भाजीतला न शिजलेला वाटाणासुद्धा दाताखाली आला की कपचाच वाटायचा. भोरला आत्ता कोण जेवायला बसलं असेल, हाच विचार. शेवटी बायकोला सगळं सांगितलं.

ती रागावली नाही. “व्हय, मला ठावं हाय. खडा आसा वाजत न्हाई,” म्हणाली. उठून दिव्याचं तेल आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “दुसरी करा. दिवसाउजेडी जेवू चार दिस.”

कानशीचा राहिलेला तुकडा घेतला. या खेपेला तेलात विझवला आणि आधी टिचकी मारली. पातं वाजत राहिलं. मूठ न ठोकता तसंच फडक्यात गुंडाळलं, हातोडी घेतली आणि बाजाराच्या दिवसाची वाट न बघता भोरची वाट धरली.

बाई ओसरीवर सुरणच चिरत होत्या.

“बाई, ती सुरी खाली ठिवा.”

“का?”

“तिला तडा हाय. इकताना माझ्या मनात व्हतं त्ये. म्या बोललो न्हाई.”

त्यांनी सुरी खाली ठेवली. चिरलेल्या सुरणाची परात बाजूला सारली. मग म्हणाल्या, “आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसले, बघा कशी झकास सुरी आणली.”

मी मूठ काढली, टिचकी मारली. बसका आवाज. पातं उंबऱ्याच्या दगडावर ठेवून हातोडीचा एक हलका घाव घातला, तसे दोन तुकडे झाले. तुटलेल्या जागी अर्ध्यापर्यंत काळं होतं आणि उरलेलं चकचकीत. काळा भाग म्हणजे माझ्या डोणीतला तडा. राहिलेल्या अर्ध्यावर ती इतके दिवस टिकली होती.

बाई वाकल्या. “कपचा कुठं उडालाय का, ते बघा आधी.”

दोन्ही तुकडे मी फरशीवर जुळवले. धारेवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. धार सलग होती. कुठेही खाच नव्हती. कोणाच्याही ताटात काही गेलं नव्हतं. मी तिथेच खाली बसलो.

“पैसं वेल्ह्याला गेलं,” मी म्हणालो. “त्येच्या बदली ही दुसरी आणलीया.”

“वाजवा.”

मी वाजवली.

“पुन्हा वाजवा.”

पुन्हा वाजवली. तेव्हा त्यांनी ती हातात घेतली आणि मूठ बसवायला मला परत दिली. मूठ ठोकून, धार लावून होईपर्यंत भाजी शिजली होती आणि त्यांनी ओसरीच्या कडेला माझ्यासाठी पान मांडलं होतं. भात, आमटी आणि त्याच सुरणाची भाजी. सवयीने मी पहिला घास जिभेवर घोळवून, चाचपून गिळला. त्या बघत होत्या.

“आता कशाला चाचपताय? गिळा की,” त्या म्हणाल्या.

मी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.