लंगडी हे नाव कुणी ठेवलं
सडलेल्या गुळाचा वास आला की मला दुष्काळातलं पाझर तलावाचं काम आठवतं. आमच्याकडं हातभट्टीच्या दारूला लंगडी म्हणतात. प्यायल्यावर माणूस लंगडतो म्हणून हे नाव पडलं, असं पोरं सांगतात. ते खरं नाही. त्या कामावर दगड पडून एका बाईचा पाय मोडला. खडी फोडणं सुटलं, तेव्हा पोटासाठी ती बाभळीखाली दारू विकायला बसली. एकदा ती ग्लास घेऊन येताना मी ओरडलो, "आली बघा लंगडी! हिची दारू प्याल तर हिच्यासारखंच चालाल!" सगळे हसले. ती म्हणाली, "हसा दादा, पाय काय तुमचा मोडला न्हाय." दुसऱ्या दिवसापासून जो तो "एक लंगडी दे" म्हणू लागला. त्यानंतर आम्ही उठून जाईपर्यंत ती जागची हलायची नाही. तहान लागली तरी समोरच्या माठापर्यंत जायची नाही. ते नाव मी ठेवलं होतं. आता माझा गुडघा गेलाय. संध्याकाळी पारावरची माणसं घरी जाईपर्यंत मीही बसून राहतो. सगळे गेले की मग काठी टेकत निघतो.