लेकीचं पोट

बाजारात आम्ही माणसं शेणावर तासभर बोलू शकतो. म्हैस पातळ टाकते का घट्ट, रवंथ करते का नाही, यावर बोलता बोलता हातातला चहा थंड होतो. पण माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला पाच-पाच दिवस संडासला होत नव्हतं, हे मी त्याच माणसांना कित्येक महिने सांगितलं नाही. पोर सुकलेली का दिसते, असं कुणी विचारलं तर म्हणायचो, "दात येत्यात." साडेतीन वर्षांच्या पोरीला कुठले दात येतात? पण पुढं कुणी विचारलं नाही.

मी म्हशींचा व्यापार करतो. आमच्याकडे अशा माणसाला हेडी म्हणतात. म्हणणारा कोणत्या सुरात म्हणतो, त्यावर ती शिवी आहे की नाही ते ठरतं. वडिलांना जमीन नव्हती. मी दुसऱ्याच्या गोठ्यात झोपून धंदा शिकलो आणि एका म्हशीपासून सुरुवात केली. आज केडगावजवळ स्वतःचं घर आहे, मागं गोठा आहे, दारात पिकअप उभी आहे. हे सगळं मी डोळ्यांवर कमावलं. जनावर चार पावलं चाललं की त्याचं कुठं दुखतंय ते मला कळतं. विकणारा काय लपवतोय तेही कळतं.

आणि माझी मुलगी माझ्यादेखत कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभी राहायची. टाचा उचलायची, पाय एकमेकांत अडकवायची, तोंड लालबुंद व्हायचं. मला वाटायचं, पोर जोर करतेय आणि होत नाही. बायकोलाही तेच वाटायचं. मग काही दिवसांनी चड्डीला डाग लागायला लागले. पातळ, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. आम्ही म्हटलं, चला, आता जुलाब लागले. मेडिकलमधून जुलाब थांबायचं औषध आणलं. भाजी बंद केली, नुसता भात सुरू केला. अंगात ताकद राहावी म्हणून दूध वाढवलं. माझ्या घरात दुधाला काय तोटा? सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर, आणि तेही म्हशीचं, सायीसकट. आपल्या गोठ्यातलं दूध लेकीच्या पोटात जातंय, याचा मला फार अभिमान होता.

अंगणवाडीच्या बाईंनी तिला दोनदा घरी आणून सोडलं. चांगली बाई. चारचौघांत काही बोलली नाही, भरलेली चड्डी पिशवीत घालून बायकोच्या हातात दिली. मी मात्र बोललो, आणि मोठ्यानं बोललो.

"घोडी झालीस, कळत न्हाई का तुला?"

भिंतीला टेकून तिनं गुडघे पोटाशी घेतले.

माझी सासुरवाडी राहू गावची. ऊस, एकत्र चार भाऊ, सोसायटीत शब्दाला वजन. सासऱ्यांनी मुलगी दिली ती मुलीच्या हट्टापायी. लग्नाच्या बैठकीत ते माझ्यासमोर त्यांच्या भावाला म्हणाले होते, "हेडी हाय. आज हाय, उद्या न्हाई." त्यावर भाऊ हसले होते. मी तेव्हा गप्प बसलो, कारण मला लग्न करायचं होतं. पण ते वाक्य मी आजतागायत खाली ठेवलेलं नाही.

आम्ही मुलीला घेऊन राहूला गेलो तेव्हा तिला सहा दिवस शी झाली नव्हती. पोट ढोलासारखं. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं. साबणाची कांडी लावू. ह्या समद्यांस्नी मीच लावलीया." अंगाच्या साबणाची बोटाएवढी कांडी तासायची, तेल लावायचं आणि लेकराला मागून घालायची, हा जुना उपाय. त्यांनी मायेनंच केलं. पोरीचे हात मी धरले होते. ती ओरडत होती, आणि ओरडताना आजीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. झाली एकदाची. खड्यासारखी, आणि वर रक्त.

ओसरीवर सासरे बसले होते. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, तिचे डोळे पुसले, आणि मग मला म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. पर तुमचा आवाज लई मोठा. घरात रोज बाजार भरल्यागत. लेकराचं आतडं आखडंल न्हाई तर काय व्हईल?"

"मामा, तुमच्या घरात आवाज न्हाई, कारण तुमच्यापुढं कुणाला बोलायची सोयच न्हाई," मी म्हणालो.

आत ताटं वाढलेली होती. मी तसाच उठलो, पोरीला उचललं आणि गाडी काढली.

यवतच्या स्टँडजवळ बायको म्हणाली, "तुमचं आन् माझ्या आबांचं तुम्ही बघून घ्या. पोरीला उद्या दौंडला न्यायची. लहान मुलांच्या डॉक्टरकडं. आन् तिथं तुम्ही कमी बोलायचं."

रात्रभर माझ्या डोक्यात एकच. गावातल्या एकानं सांगितलं होतं की त्यांच्या पाहुण्यांच्या मुलाचं आतडं जन्मतःच अर्धं निकामी होतं, पोटाला भोक पाडून पिशवी लावावी लागली. तेच असेल तर? म्हैस असती तर मी हात लावून सांगितलं असतं. लेकीच्या पोटावर हात ठेवायची मला भीती वाटत होती.

दौंडच्या डॉक्टरबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आधी पोरीला एक बाहुली दिली, मग हळूच पोट चाचपलं. जन्मल्यावर पहिली शी कधी झाली होती, हे विचारलं. बायको म्हणाली, त्याच दिवशी. वजन बघितलं, पाठ बघितली, मागची जागा नुसती बघितली, हात लावला नाही. फोटो काढायला लावला आणि तो उजेडाला धरून मला दाखवला. आतडं पांढऱ्या खड्यांनी गच्च भरलेलं.

"आतड्याचा आजार दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनचं काही मनात आणू नका. मागं चीर पडली आहे. एकदा कधीतरी कडक झाली असेल, दुखलं असेल. तेव्हापासून ती होऊ देत नाही."

"होऊ देत न्हाई म्हंजी? ती तर रोज जोर करतीय. तोंड लाल होतं."

"ती जोर करत नाही, दादा. ती धरून ठेवते. टाचा उचलते ना? ते बाहेर ढकलण्यासाठी नाही, आत दाबण्यासाठी."

आणि ते डाग जुलाबाचे नव्हते. आतल्या खड्यांच्या कडेनं पाझरणारं पाणी होतं. म्हणजे आम्ही तुंबलेल्या पोराला थांबायचं औषध पाजत होतो. वर दोन तांबे दूध.

"दूध दीड कप. दिवसभरात," बाई म्हणाल्या.

"मॅडम, म्हशीवाल्याची पोरगी हाय."

"मग म्हशीलाच सांगा."

बायको हसली. कित्येक दिवसांनी हसली. बाईंनी पाण्यात कालवून द्यायची पावडर लिहिली. आधी चार-पाच दिवस जास्त, आतलं साफ होईपर्यंत, मग रोज थोडी. आठ-दहा महिने.

"तीन करा," मी म्हणालो. माझ्या तोंडून आपोआप गेलं.

"काय तीन?"

"महिने. तीनमध्ये मिटवू."

"इथं भाव होत नाही," त्या म्हणाल्या, पण रागावल्या नाहीत. मग कागदावरची मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरी तिला कुणी रागावतं का? चड्डी खराब झाली की?"

बायको फरशीकडे बघत राहिली. मी म्हणालो, "मी."

एवढं एक उत्तर देताना मला जेवढं जड गेलं, तेवढं कुठल्या सौद्यात गेलं नाही. कारण म्हातारा राहूच्या ओसरीवर जे बोलला होता, तेच ही बाई खुर्चीत बसून, चांगल्या शब्दांत विचारत होती. सासऱ्यांना मी हे आजही सांगितलेलं नाही. त्यांचं बरोबर होतं, एवढ्यानं बैठकीतलं वाक्य पुसलं जात नाही.

पावडरनं काम केलं. पाचव्या दिवशी पोट मऊ झालं. पण पुढचं काम पावडरीचं नव्हतं. जेवण झालं की दहा मिनिटं तिला भांड्यावर बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा, आणि काही झालं नाही तरी शाबास म्हणून उठवायचं. ती बसायचीच नाही. तेव्हा मला जे येतं ते मी केलं. म्हणालो, "बसलीस तर फुगा." दुसऱ्या दिवशी फुग्यावर ती बसेना, तिला शिट्टी पाहिजे. मग शिट्टी आणि बिस्किट. चौथ्या दिवशी ती माझ्या डोळ्यांत बघत, पाय आवळून, सायकल मागत उभी. पोर माझीच होती. जिच्या हातात माल आहे, ती थांबू शकते. माझा तोल गेला आणि मी ओरडलो. त्यानंतर चार दिवस पुन्हा काही नाही, पुन्हा गंजीमागं.

त्या आठवड्यात बायको अंगात कणकण घेऊन पडली होती, म्हणून मी पोरीला शिरूरच्या बाजाराला सोबत नेलं. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं गेलो. बाजारात एका म्हशीवर बोली चालली होती. आमच्यात खरा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं टॉवेलाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात. वर आरडाओरडा कितीही चालू दे, टॉवेलाखाली काय ठरलं ते दोघांनाच माहीत. पोर माझ्या पायाशी उभी राहून टॉवेलाकडं टक लावून बघत होती.

"आप्पा, आत काय करता?"

"बोलतो."

"तोंडानं का न्हाई?"

"लोकं ऐकत्यात."

परत निघालो. ती शेजारी बसली होती. थोड्या वेळानं तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, गिअरवरच्या माझ्या हातावर टाकला, आणि आत हात घालून माझी दोन बोटं दाबली.

"काय? दोन भजी पायजेत?"

मान हलवली. नाही.

"तहान लागली?"

नाही. पुन्हा दाबली. या वेळी तीन. मी तिच्याकडे बघितलं. पाय एकावर एक चढवलेले, ओठ दाबलेले. ते सोंग नव्हतं, हट्टही नव्हता. एखादं जनावर असं उभं राहिलं असतं तर मी लांबूनच ओळखलं असतं.

"पोटात दुखतंय?"

तिनं मान हलवली. हो.

"तीन म्हंजी लई?"

तिनं पाचही बोटं पकडली.

न्हावऱ्याच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. बाजूला कुणाचा तरी ऊस होता. दोन सऱ्या आत जाऊन तिला बसवलं, आणि समोर मीही उकिडवा बसलो. टॉवेल तसाच हातावर. तिनं माझी बोटं आवळली, सोडली, पुन्हा आवळली. मी शाबास म्हणालो नाही, लवकर कर म्हणालो नाही.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "ओ ऽ पाव्हणं! रान काय बापाचं हाय व्हय?"

एरवी त्या माणसाला मी त्याच्या बापासकट उत्तर दिलं असतं. मी नुसता मोकळा हात वर केला. तो पाचट तुडवत आला, बघितलं, आणि तिथंच थांबला.

"लेकरू हाय व्हय? बसू द्या, बसू द्या. खतच हाय की." आणि पाठ करून विडी पेटवत उभा राहिला.

झाली. रडली थोडी, पण झाली. मऊ होती. तिनं उठून वाकून बघितलं आणि म्हणाली, "दुखलं न्हाई."

त्यानंतर घरात टॉवेलाची भाषा चालू झाली. एक बोट म्हणजे थोडं, पाच म्हणजे आत्ताच. पाहुणे बसलेले असोत, तिनं येऊन हात घातला की मी उठायचो. सगळं सरळ झालं असं नाही. चौथ्या महिन्यात पोर ठणठणीत दिसली म्हणून मी बायकोला न सांगता पावडर बंद केली. तीन महिन्यांत मिटवलं, असं मला मनात वाटत होतं. पंधरा दिवसांत पोट पुन्हा कडक. दौंडला जाऊन मी ते स्वतः कबूल केलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून." या वेळी मी महिने विचारले नाहीत.

ओरडणं गेलं म्हणत नाही. गोठ्यात, फोनवर, बाजारात आहेच. पण घरात आवाज चढायला लागला की पोर माझ्या तोंडाकडे बघते आणि मी बाहेर जाऊन एक म्हैस धुऊन येतो. आमच्या म्हशी सध्या फार स्वच्छ असतात, असं बायको म्हणते.

परवा सकाळची गोष्ट. ती आता पाचाला टेकली आहे. मी दूध काढून आलो तर ती एकटीच संडासाकडे निघालेली. मी सवयीनं मागं गेलो. तिनं आत जाऊन दार लोटून घेतलं.

"बाय, मी हाय हितं," मी म्हणालो.

"तुम्ही जावा."

"बसतो की भायेर."

"आप्पा, जावा ना!"

मी चार पावलं मागं आलो आणि गव्हाणीपाशी थांबलो. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग बादलीत टमरेल बुडवल्याचा आवाज आला.