अलगद मरणाचं घराणं

लातूरच्या मोंढ्यात संगप्पांचं अडत दुकान होतं. पण त्यांचा खरा अभिमान दुकानाचा नव्हता, घरातल्या मरणांचा होता. आजोबा पूजेला बसल्या बसल्या गेले. चुलते जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. धाकटा भाऊ सिद्धलिंग तर अडतिसाव्या वर्षीच झोपेत लिंगैक्य झाला. "आमच्यात कुणी अंथरुणाला खिळत न्हाई. पुण्याई लागते त्याला," असं ते सोयाबीनचा भाव सांगावा तितक्या सहज सांगत. अडतिसाव्या वर्षी मरायला नेमकं किती पुण्य लागतं, हे सिद्धलिंगच्या बायकोनं कधी विचारलं नाही.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी संगप्पांचा ईसीजी काढला. काढणाऱ्या रविकिरणनं कागद पाहिला, वायरी तपासल्या, पुन्हा काढला आणि मग डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

"घरात कुणी अचानक गेलंय का?" बाईंनी विचारलं.

संगप्पांची कळी खुलली. त्यांनी तिन्ही मरणं रंगवून सांगितली.

"ही पुण्याई नाही, आजार आहे. ब्रुगाडा म्हणतात," बाई कागदावरच्या कमानीवर बोट ठेवत म्हणाल्या. "रक्तवाहिन्या ठीक असतात, पण हृदयाचा करंट बिघडतो. मग ते नुसतं थरथरतं, रक्त पुढं जात नाही. झोपेत नाहीतर तापात धोका जास्त."

"मशीन जुनं दिसायलंय," संगप्पा म्हणाले.

मोंढ्यात हृदयरोगतज्ज्ञांची टंचाई कधीच नव्हती. एकानं लसूण सुचवला, दुसऱ्यानं अर्जुनाची साल, बाकी सगळ्यांनी एकमतानं गॅस ठरवला. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाला काय होतंय, असा निकाल लागला आणि चहा आला.

निकाल बदलला तो बायकोनं, पार्वतम्मानं. "तुम्ही जाल अलगद. सकाळी हलवून बघायचं काम माझंच हाय न्हवं?" तीस वर्षांत ती एवढं एका दमात कधी बोलली नव्हती. संगप्पा मुकाट्यानं हैदराबादला गेले. काडेपेटीएवढं यंत्र डाव्या छातीत, कातडीखाली बसवून आले आणि लगेच यंत्राच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगू लागले.

सात महिन्यांनी ताप आला. ताप आला की गोळी घ्या आणि लगेच या, असं बाईंनी बजावलं होतं. संगप्पा घोंगडी पांघरून दुकानात बसले. "तापाला भ्यायचं म्हणजे लईच झालं!"

दुपारी तीनला त्यांची मान गादीवर कलली. काही सेकंदांत अख्खं अंग उसळलं आणि ते ओरडत उठले, "कुणी लाथ मारली?"

लाथ कुणीच मारली नव्हती. दवाखान्यात यंत्रातली नोंद काढली. हृदय अकरा सेकंद नुसतं थरथरत होतं. मग यंत्रानं झटका दिला.

"या खेपेला पुण्याई कमी पडली म्हणायची," पार्वतम्मा म्हणाली.

त्यानंतर संगप्पांनी स्वतः फोन करकरून भावकीला ईसीजीला बोलावलं. रेणापूरचे चुलतभाऊ म्हणाले, "एवढं चांगलं मरण मिळायलंय, त्यात खोडा कशाला?" ते आले नाहीत. मुलगा सोमेश आला. त्याच्या कागदावर सध्या तरी काही नव्हतं. सिद्धलिंगची मुलगी मंजुश्री उदगीरहून शाळेची सुट्टी काढून आली. तिच्या कागदावर तीच कमान होती.

"यंत्राची आत्ताच गरज नाही," बाई तिला म्हणाल्या. "ताप अंगावर काढायचा नाही, मला विचारल्याशिवाय औषध घ्यायचं नाही. सहा महिन्यांनी या."

बाहेर बाकावर मंजुश्री काकांशेजारी बसली.

"काका, आत्याच्या लग्नात बाबा चक्कर येऊन पडले होते न्हवं? तवा ईसीजी काढला न्हाई का कुणी?"

"उपास होता त्याला. लिंबूपाणी दिलं, उठून बसला."

"कुणी दिलं?"

संगप्पा चष्मा पुसू लागले.

"मीच," ते म्हणाले.