चुना न लागलेली खोली

दादाचा फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी गॅदरिंगच्या मांडववाल्याशी भांडत होते. "शालू गेली," एवढंच तो म्हणाला. फोन मात्र ठेवला नाही. मागून दवाखान्यातले आवाज येत राहिले. मी मांडववाल्याला उद्या या म्हटलं, पर्स उचलली आणि रिक्षा केली. रडू आलं नाही, राग आला, आणि इतक्या आठवड्यांनंतरही तो पुरता गेलेला नाही. शालूवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, पोटातल्या गाठीनं गेली असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण डॉक्टरांनी भाद्रपदात "लगेच भरती व्हा" म्हटलं होतं आणि ती भरती झाली दिवाळीनंतर. तोवर गाठ हाताबाहेर गेली होती. मधल्या काळात तिनं घर का सोडलं नाही, ते आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

वहिनी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून नागपुरात, आमच्या सक्करदऱ्याच्या घरात आली. माहेरी संत्र्याची बाग, विहिरीवर इंजिन, आणि मातीच्या भिंती. त्या भिंती तिथल्या बायकाच पांढऱ्या मातीत बुडवलेल्या फडक्यानं, पोतेऱ्यानं, सारवायच्या. आमच्याकडे भिंती विटांच्या, आणि त्यांच्यावर आईचं राज्य. दिवाळीआधी चुनेवाला यायचा, पत्र्यानं भिंती खरडायचा आणि नवा चुना फासायचा. दोन दिवस घरभर पांढरी धूळ. आम्ही भावंडं त्या धुळीतच वाढलो, आम्हाला काही झालं नाही. वहिनीच्या विजूला झालं. तो तीनेक वर्षांचा असताना त्याची छाती वाजायला लागली, आणि दर दिवाळीला फटाके वाजायच्या आत त्याची छाती वाजायची. सगळे म्हणायचे, थंडी सुरू झाली, दुसरं काय. दोन दिवाळ्या वहिनीनं नुसतं पाहिलं. तिसरीच्या आधी ती आईला म्हणाली, "आई, त्याले थंडीनं नाही होत. चुन्यानं होते."

"चुन्यानं रोग मरतेत वं, होत नाहीत," आई म्हणाली. "अन् चुना लागला नाही तर लक्ष्मी येईन का घरात?"

आई दुष्ट नव्हती. तिचा चुन्यावर विश्वास होता, जसा माझा वेळापत्रकावर आहे. त्या वर्षीही चुना लागला आणि विजूला रामदासपेठेत डॉक्टरांकडे न्यावं लागलं. मी सोबत होते. इंजेक्शननंतर त्याला मांडीवर घेऊन वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती, आणि समोर एक माणूस पॅसेजची भिंत रंगवत होता. पेशंट बसलेले असताना रंगकाम! मी कंपाउंडरला बोलणारच होते. पण वहिनी वेगळंच काही पाहत होती. त्या माणसाच्या हातात ब्रश नव्हता. मुठीची एक चपटी फळी होती, तिच्या पोटाला स्पंज आणि स्पंजवर बारीक लव असलेलं कापड. ती तो ताटलीतल्या रंगात टेकवायचा, काठावर निपटायचा आणि भिंतीवरून वरून खाली ओढायचा. ना शिंतोडा, ना धूळ. मांडीवरच्या विजूचा श्वास तसाच संथ चालला होता.

"हे काय आहे गा?" वहिनीनं विचारलं.

"पॅड आहे बाई, विलायती. डाक्टरसायबाच्या साळ्यानं पाठवलं."

"पाहू बरं." तिनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि मला म्हणाली, "ताई, हा तर आमचा पोतेराच आहे. पाटलोण चढवून आला."

विलायती पॅड नागपुरात कुठे मिळायला? तिनं सुताराकडून फळी कापून घेतली, गादीवाल्याकडून फोमचा तुकडा आणला आणि वरून आपल्या लग्नातल्या मखमली ब्लाउजची पाठ ताणून बसवली. यात भावुक व्हायचं कारण नाही; तो ब्लाउज तिला होत नव्हता आणि मखमल रंग सारखा धरते. खरं काम आधीचं होतं. चुन्याच्या थरांवर डिस्टेंपर टिकत नाही, सोलून पडतो, आणि थर कोरडे खरडले तर धूळ उडते. म्हणून तिनं विजूला माझ्या घरी पाठवलं आणि त्याच्या खोलीच्या भिंती पाण्यानं भिजवून भिजवून खरडल्या. घमेल्यांनी चिखल उचलला. मग भिंती वाळू दिल्या, सरसाचं पाणी फिरवलं, आणि फिक्या पोपटी रंगात पॅड टेकवलं. मी दुपारी डबा घेऊन गेले तर पदर खोचून स्टुलावर उभी, ओठांच्या कोपऱ्यात जिभेचं टोक दाबून रंग ओढत होती. कोपऱ्यासाठी तिनं बोटभर रुंदीचं वेगळं पॅड केलं होतं. बोलली नाही, ओढ पुरी झाल्याशिवाय बोलायचं नाही, मधे थांबलं की डाग दिसतो, हे तिनं मला नंतर सांगितलं.

शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय वं शालू, नवऱ्यानं रंगारी लावाले पैसे नाही दिले का?"

"रंगाऱ्याले चहा द्या लागते काकू. मी माह्या हातानं चहा करून पितो, अन् तुम्हालेही देतो. बसा."

आई त्या खोलीत यायची नाही. दारातून पाहायची आणि म्हणायची, "दवाखान्यासारखं दिसून राहिलं." बाकीच्या घराला चुना लागायचा तेव्हा वहिनी विजूला माझ्याकडे पाठवायची, ओलं पुसूनच परत आणायची. तीन दिवाळ्या अशा गेल्या. विजूला रामदासपेठ बघावी लागली नाही. मला वाटलं होतं, प्रश्न सुटला.

मग वहिनीचे वडील गेले. दिवाळी तोंडावर होती आणि विजूची सहामाही परीक्षा चालू. दादा म्हणाला, पोराला राहू दे, तू जा. ती गेली. आईनं काय केलं ते मी आजही तिच्या बाजूनं समजून घ्यायचा प्रयत्न करते. पोरीचा बाप गेलाय, ती थकून येईल, आल्या आल्या कुठे स्टुलावर चढेल... आणि इतकी वर्षं त्या खोलीला चुना नाही, हे बरं नाही, हेही तिच्या मनात असणारच. दादा ऑफिसात, विजू शाळेत. चुनेवाला आलेलाच होता. आईनं त्याला ती खोलीही दाखवली. त्यानं पोपटी रंग पत्र्यानं कोरडाच खरडून काढला. विजू शाळेतून आला तो पांढऱ्याशुभ्र खोलीत जाऊन नाचला म्हणे.

संध्याकाळी दादा मला घ्यायला आला तेव्हा स्कूटर बंद न करताच हाक मारत होता. आम्ही गेलो तर पोर गुडघ्यांवर हात टेकून बसलेलं, खांदे वर, ओठ निळसर, आणि आई त्याच्या पाठीवर राईचं तेल चोळत "बोल ना बाबू, बोल ना" म्हणत होती. बोलायला त्याच्याकडे श्वास नव्हता. तो वाचला. दवाखान्यात नळ्या लागल्या, पण वाचला. वहिनी आली ती गावाहून थेट तिथंच. घरी परतल्यावर ती खोलीच्या दारात उभी राहिली, भिंतींकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं, आई."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण संपतं. हे संपलं नाही. तिनं भिंती पुन्हा भिजवल्या, पुन्हा खरडल्या, पुन्हा रंगवल्या. आणि त्यानंतर ती एकही रात्र घराबाहेर राहिली नाही. भावाच्या लग्नाला सकाळच्या एसटीनं गेली आणि अक्षता पडल्यावर परत फिरली. आई आजारी पडली तेव्हा तिनं आईची सेवा केली, अगदी मनापासून. पण विजूला तिच्याजवळ सोपवून ती बाजारातसुद्धा गेली नाही. आईला हे दिसत होतं. एकदा मला म्हणाली, "ते मले जेवाले वाढते वं, पण पोरगं नाही देत माह्याजवळ."

मग विजू मोठा झाला. दमा कमी झाला, तो शिकायला पुण्याला गेला. आता तरी ही सुटेल असं वाटलं. सुटली नाही. भाद्रपदात मी तिला भरती करायला म्हणून गेले, तर ही खोलीत फोम धुवत बसलेली.

"वहिनी, उठा. विजू तिकडे पुण्याला आहे. कोणासाठी रंगवता?"

"दिवाळीत येईन ना तो."

"मी रंगवते. मला शिकवा."

"तुम्ही मधात थांबता, ताई," ती हसली. "दिवाळी होऊ द्या. मग म्हणाल तिथं येतो."

मी तिला हट्टी म्हटलं, आजही म्हणते. दिवाळीत विजू आला, पोपटी खोलीत झोपला, गेला. मग ती दवाखान्यात आली, म्हटल्याप्रमाणे.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की तेरवीनंतर घराला चुना लावतात. नातेवाइकांनी चुनेवाला बोलावला. विजू घरीच होता. अंगणात ड्रमात चुना कालवला गेला, माणूस पत्रा घेऊन आत आला आणि पहिल्यांदा त्याच खोलीच्या दारात गेला. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. ऐंशी वर्षांची बाई, तेरा दिवसांत धड जेवली नव्हती.

"तिथं नाही," ती म्हणाली.

"लावू दे ना, आजी," विजू म्हणाला. "मले आता काही नाही होत."

"तुले नसंन होत बाबू," आई म्हणाली. "मले होते."

चुनेवाला दादाकडे पाहत राहिला. आई उठली, भिंत धरत न्हाणीत गेली आणि एक जुनं लुगडं ओलं करून घेऊन आली. विजूला तिनं हातानंच अंगणात जायची खूण केली. तो गेला. मग तिनं त्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं, खाली बसली, आणि दाराखालच्या फटीत ते ओलं लुगडं बोटांनी कोंबायला लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी मदतीला वाकले तर तिनं माझा हात बाजूला केला. सगळी फट भरल्यावर ती तिथंच, दाराला पाठ लावून बसली आणि चुनेवाल्याला म्हणाली, "हं. कर आता सुरू."