भागिरथापुढचा माईक

खाटेवर पसरलेल्या जुन्या धोतराच्या निम्म्या भागावर कुरडया पडल्या होत्या, निम्मं अजून कोरं होतं. पातेल्यातल्या चिकाची वाफ भागिरथाच्या तोंडावर येत होती. तेवढ्यात कुडापलीकडून नणंद बेबीताईंनी आवाज दिला, "वहिनी, सोऱ्या ठेवा खाली! शेलूबाजारचा लखमीचंद आला माईक घेऊन. विहारात बसला."

"चीक आळून जाईन ना वो."

"आळू द्या. जैनाचा माणूस तो, दिवस बुडायच्या आत त्याले जेवाले घरी पोचा लागते. थांबनार नाही."

भागिरथानं पातेल्यावर झाकण ठेवलं, हात धुतले, धुवट पांढरं लुगडं नेसलं आणि विहाराची वाट धरली.

तिची आई धनीबाई रिसोडला खाटेवर होती. पडून खुबा मोडला, तेव्हापासून वंदनेलासुद्धा तिला घराबाहेर निघता आलं नव्हतं. भागिरथा भेटायला गेली की आईनंच शिकवलेलं गाणं म्हणून दाखवायची. गेल्या खेपेला आई म्हणाली, "तू येतं, गातं अन् एसटीत बसून निघून जातं. मांगं काय राह्यते माह्यापाशी?" रिसोडच्या भावानं पगारातून टेप घेतला होता. तेव्हा इथल्या, इंझोरीच्या गायन मंडळाचं गाणं कॅसेटीत भरून न्यायचं, असं भागिरथानं मनाशी पक्कं केलं.

विहारात त्रिसरण-पंचशील झालं आणि लखमीचंदानं पेटारा उघडला. लग्नाकार्यात भोंगे लावणारा हा माणूस माईक मात्र मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

"हा सभेचा," चकचकीत जाळीचा माईक दाखवत तो म्हणाला. "याच्या तोंडापाशी जो बोलन, त्याचंच हा ऐकते. बाजूच्याले ओळखत नाही. अन् हा गोल, हा चहूकडचं ऐकते."

"सभेचाच लाव," दौलतराव म्हणाले. "आपलं गाणं काय सभेपेक्षा कमी हाये?"

दौलतराव पेटी वाजवायचे, वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून पुढची जागा त्यांची. अर्थातच माईक त्यांच्या पेटीपुढे उभा राहिला. ते भागिरथाचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. धम्म घेतला तेव्हा घरातले देव्हारे उचलले गेले, पण भासऱ्याचा पडदा तेवढा राहून गेला होता. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी शब्दानं बोलली नव्हती. गायचीसुद्धा मागच्या खांबाआड, पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून.

गाणं झालं. लखमीचंदानं टेप मागं फिरवून लावला. पेटी अशी दणाणली की जानरावांची ढोलकीसुद्धा दबली, आणि भागिरथा तर शेजारच्या गावातून गात असल्यासारखी.

मग गोल माईक लावला. आता तिचा आवाज थोडा आला, पण त्याच्या जोडीला छपराच्या टिनांची करकर, जानरावांचा खोकला आणि दाराशी कलकलणारी कोंबडी.

"धनीमावशी म्हनतीन, भागीनं अंडं देलं का काय!" बेबीताई म्हणाल्या. सगळे हसले. भागिरथाला हसू आलं नाही.

"माईकचा दोष नाही भाऊ," लखमीचंद म्हणाला. "बाई दूर हाये."

कुणी कुठं बसायला हवं, हे सगळ्यांना कळत होतं. बोलणार कोण?

"बेबी," दौलतराव म्हणाले, "तिले सांग, जोरानं म्हन."

"ताई, त्यायले सांगा," खांबाआडून उत्तर आलं, "जोरानं म्हटलं का सूर फाटते."

"चार हातावर दोघं, अन् बेबीताई पोस्टमन!" लखमीचंद हसला. मग त्यानं बाहेर बघितलं. ऊन कडुनिंबाच्या बुडाशी गेलं होतं. तो वायर गुंडाळायला लागला.

भागिरथाच्या डोळ्यांपुढे खाटेवरची आई आली.

"लखमीचंदभाऊ," ती म्हणाली, "तो सभेचा इकडं आना. एक डाव."

त्यानं वायर खांबामागं ओढली, माईक तिच्या तोंडापुढं ठेवला. "बोला काहीबी. बघू कसा येते."

तिनं पदराच्या आडोशानं माईकपाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटली. शेजारी बसलेल्या बेबीताईंनाही ते कळलं नाही. लखमीचंदानं टेप लावला. मशीनमधून तिचा आवाज आला, श्वाससुद्धा ऐकू येईल असा:

"दादा, पेटी मांगच्या भिंतीपाशी घ्या. माह्या मायले माहा आवाज ऐकू येऊ द्या."

दौलतराव मशीनकडे बघत राहिले.

"बेबी, तिले..." ते बोलायला लागले आणि थांबले. मग उठले, दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि जानरावांच्याही मागं, पार भिंतीला नेऊन ठेवली.

"भागिरथा," ते तिथूनच म्हणाले, "म्हन. मी हलका हात ठेवतो."

तिनं पदर मागं सारला. भिंतीकडचं तोंड माणसांकडे केलं आणि आईनं शिकवलं तसं गाणं म्हटलं. या खेपेला टेपमध्ये पुढं तिचा आवाज होता आणि त्याच्या पाठीशी पेटी, घराला ओसरी असावी तशी.

"आता मावशी रोज ऐकन," लखमीचंद म्हणाला. कॅसेट तिच्या हातावर ठेवून, पेटारा जीपमध्ये टाकून तो उजेड असतानाच निघाला.

घरी चीक पार आळला होता. तोच तेल-मीठ घालून सगळ्यांनी खाल्ला.

"भागिरथा, अजून आन थोडा," दौलतरावांनी ताटली पुढं केली.

"आनते, दादा."

रात्रीची भांडी आवरल्यावर तिनं कॅसेट धुवट फडक्यात बांधून पिशवीत ठेवली. सकाळच्या एसटीनं ती रिसोडला आईकडे पोचवायची होती.