कौसल्येच्या डोक्यातला फुगा आणि आमचे सर

डॉ. नीलकंठ सावरबांधे सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या घोडचुकीमुळे झाली. सत्तरच्या दशकाची अखेर होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी नवखी निवासी डॉक्टर होते आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारे सर रजेवर होते.

आर्वीकडच्या खेड्यातली कौसल्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग होऊन दाखल झाली होती. तो संसर्ग रक्तातून मेंदूपर्यंत पोचला आणि तिथल्या धमनीला फुगा आला. पेनिसिलिनने ताप उतरला, तशी सासू म्हणाली, "आता बरी हाये, घरी नेतो." स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर मी सासूचा अंगठा घेतला आणि मोकळी झाले.

रजेवरून परतल्यावर सरांनी एवढेच विचारले, "अंगठा घेतलात, पण फुगा समजावलात का?"

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन एस.टी.ने तिच्या गावी गेले. सासूला म्हणाले, "सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तसा हिच्या डोक्यातल्या नसेला आलाय. ताप गेला, फुगा आहेच. फुटला तर सून हाती लागणार नाही."

"मंग हे आंधी काऊन नाई सांगतलं?"

माझी मान खाली गेली. सर म्हणाले, "चूक आमची." त्या 'आमची'ने मला सावरले. संध्याकाळी कौसल्या पुन्हा वॉर्डात होती.

नव्या तपासणीत फुगा वाढलेला निघाला. संसर्गाने त्याची भिंत कुजली होती, त्यामुळे मुळाशी धातूचा चिमटा लावून तो बंद करता येत नव्हता. सरांनी धमनी दोन्ही बाजूंनी बांधून फुगा काढून टाकला. जीव वाचला. पण वाचेचा भाग अगदी जवळ होता, तेव्हा बोलता येईल की नाही हे कुणालाच सांगता येईना.

ती शुद्धीवर येताच सरांनी विचारले, "नवऱ्याचं नाव काय?"

कौसल्या गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. सरांचा चेहरा उतरला.

दारातून सासू ओरडली, "डाक्टरसाहेब, बाई नवऱ्याचं नाव घेते का कधी? बकऱ्याईचे नावं इचारा तिले!"

"सोनी, काबरी, ढवळी," कौसल्या हळूच म्हणाली, "अन् लंगडी. तिले चारा टाकला का?"

सर स्टुलावर बसले आणि रुमालात तोंड घालून हसता हसता रडले. इतके हायसे मला पुन्हा कधी वाटले नाही.

यंदा सर साठी पूर्ण करत आहेत. परवा कौसल्या तपासणीला आली होती. म्हणाली, "माह्यं आयुष्य सरायले लागो." मी म्हटले, तुझे तुझ्याजवळच राहू दे बाई, ते सरांनी फार जपून राखले आहे. सरांना त्यांचे स्वतःचेच भरपूर आणि निरोगी आयुष्य मिळो.